जोडीने डेटला काय खेळायचं? आम्ही करून बघितलेले चार खेळ, खरा खरा रिव्ह्यू

हे लिहायला घेतलं कारण गेल्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका मुलीने विचारलं, ताई माझा साखरपुडा झालाय, आम्ही दर रविवारी भेटतो आणि दर रविवारी तेच, मॉल, पिक्चर, पावभाजी, काहीतरी वेगळं सांग ना. तिला सांगता सांगता माझा अख्खा लंचटाइम संपला तरी सांगून झालं नाही, म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढू, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली, मुलगी पाच वर्षांची आहे, राहायला भांडुपला. दोघांच्या नोकऱ्या, दोघांचा ट्रेनचा प्रवास, आणि घरी आल्यावर बोलणं म्हणजे दूध आणलंस का, शाळेची फी भरलीस का, सिलिंडरचा नंबर लावलास का. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, महिन्यातला एक रविवार तुम्ही दोघं बाहेर जात जा, मी आहे हिच्याकडे. पहिल्या रविवारी आम्ही हॉटेलात गेलो, पाऊण तास बाहेर वेटिंगला उभे राहिलो, आत जाऊन समोरासमोर बसलो आणि दहाव्या मिनिटाला दोघांच्याही हातात मोबाइल. मला त्या दिवशी खरंच खूप वाईट वाटलं. घरी येताना ट्रेनमध्ये मी नवऱ्याला म्हटलं की पुढच्या वेळी बसायचंच नाही कुठे, काहीतरी खेळायचं. तो लगेच हो म्हणाला, शाळेपासून खेळणारा माणूस आहे, गेल्या पाचसहा वर्षांत सगळं सुटलंय त्याचं.

मग एकच अट घातली. खेळ असा हवा की एकाने हात सोडला तर दुसऱ्याचं अडलंच पाहिजे. ही अट आम्हाला बोलिंगला जाऊन आल्यावर सुचली, कारण बोलिंगमध्ये तो बॉल टाकतो तेव्हा मी बसलेली असते आणि मी टाकते तेव्हा तो फोनमध्ये असतो, गो-कार्टिंगचं पण तेच, दोघं दोन गाड्यांत. मजा येते, नाही असं नाही, पण ती मित्रांबरोबर गेलं तरी तेवढीच येते.

तर सगळ्यात आधी वॉल क्लाइंबिंग, कारण त्याबद्दलच मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

वॉल कुठली ते लिहीत नाहीये, कारण तिथे एक चूक झाली आणि ती मी सांगणारच आहे, आणि तशीच चूक नंतर दुसऱ्या एका ठिकाणी पण होताना बघितली, त्यामुळे एकाच जागेचं नाव खराब करण्यात अर्थ नाही. वेस्टर्न लाइनला आहे एवढं सांगते. आम्ही भांडुपहून घाटकोपर आणि तिथून मेट्रो असं गेलो, रविवारी मेगाब्लॉक असतो तो आधी बघून निघा, आमची चाळीस मिनिटं नुसती प्लॅटफॉर्मवर गेली.

वॉलवर दोन प्रकार असतात. एक बोल्डरिंग, म्हणजे भिंत बुटकी, खाली जाड गाद्या, दोर वगैरे काही नाही, पडलात तर गादीवर पडता. दुसरं टॉप रोप, म्हणजे दोर वर अडकवलेला असतो, त्याचं एक टोक चढणाऱ्याच्या हार्नेसला, म्हणजे कंबर-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांना, आठच्या आकड्यासारखी गाठ मारून बांधतात आणि दुसरी बाजू खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हार्नेसला लावलेल्या बिले डिव्हाइसमधून जाते, बिले म्हणजे असा खालून दोर सांभाळणं. वरचा जसा चढेल तसा खालचा दोर ओढून घेत राहतो, आणि वरचा घसरला तर खालचा दोर लॉक करतो आणि वरचा तिथल्या तिथे लटकतो. जोडीने जाणार असाल तर टॉप रोपच करा, आणि जायच्या आधी फोन करून एक प्रश्न नक्की विचारा: बिले आम्हाला शिकवणार का, का दोर तुमचाच माणूस धरणार? कारण बऱ्याच ठिकाणी पहिल्यांदा येणाऱ्यांचा दोर ट्रेनरच धरतो आणि तुम्ही आळीपाळीने नुसते वर जाऊन येता, म्हणजे परत ते बोलिंगसारखंच झालं. आम्ही बिले शिकवायचे जास्तीचे पैसे भरले, दोघांचे मिळून शूज, हार्नेस सगळं धरून २१०० रुपये गेले, आणि माझ्या मते ते शिकवण्याचे पैसे म्हणजेच खरी डेट.

शिकवायला अर्धा तास लागला. डावा हात वरच्या दोराला, उजवा हात खालच्या दोराला, खालचा तो ब्रेकचा हात. दोर वर ओढायचा, लगेच खाली मांडीकडे न्यायचा, हात सरकवायचा, परत ओढायचा. ब्रेकचा हात दोरावरून सुटता कामा नये, नाक खाजलं तरी, केस डोळ्यांवर आले तरी, कोणी हाक मारली तरी. ट्रेनरने आमच्याकडून ते बारा-पंधरा वेळा करून घेतलं, मग एकमेकांची तपासणी करायला लावली, मी त्याची गाठ बघायची, त्याने माझं डिव्हाइस आणि कॅराबिनरचा, म्हणजे धातूच्या कडीचा, स्क्रू बंद आहे का ते बघायचं, दोघांच्या हार्नेसची बकलं ओढून बघायची. प्रत्येक वेळी. पहिल्यांदा पण आणि दहाव्यांदा पण. मला ती गोष्ट फार आवडली, सहा वर्षांत आम्ही एकमेकांकडे एवढं नीट बघितलं नसेल.

आता चूक सांगते. माझं वजन ५३, त्याचं ८२. हे कोणी विचारलंच नाही. तो वर गेला, चांगला गेला, दोन तृतीयांश भिंत झाली असेल आणि त्याचा उजवा पाय एका बारक्या होल्डवरून, म्हणजे भिंतीवरच्या खुंटीवरून, सटकला. तो खाली आला आणि मी वर गेले. खरंच वर गेले, दोन्ही पाय मॅटवरून सुटले, दोनेक फूट उचलली गेले आणि माझा खांदा भिंतीवर आपटला. हात मात्र सुटला नाही, कसा कोण जाणे, त्या अर्ध्या तासाच्या सरावाची कमाल. ट्रेनर धावत आला, माझा हार्नेस धरून मला खाली खेचलं, आणि मग आतून वाळूची पिशवी आणून पट्ट्याने माझ्या हार्नेसला बांधली. म्हणजे पिशवी होती तिथे, आधी बांधली नव्हती एवढंच. तर तुमच्यात वजनाचा मोठा फरक असेल तर कोणी विचारायची वाट बघू नका, स्वतः सांगा आणि पिशवी मागा, किंवा वरच्या बारवर दोराला जास्तीचा वेढा द्यायला सांगा, घर्षण वाढलं की खालच्याला तेवढा हिसका बसत नाही. लाजू नका यात. वजन सांगायला बायका लाजतात आणि आमच्याकडे तर नवरा पण लाजला होता.

पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं. मी वाळूच्या पिशवीसकट परत खाली उभी राहिले, तो वर लटकलेलाच, आणि वरून आवाज आला, तू ठीक आहेस ना? म्हटलं हो. मग काहीच आवाज नाही. मी म्हटलं, चढतोस का पुढे? तर तो हळूच म्हणाला, नाही, खाली घे, पण हळू घे. मी आयुष्यात कुठलीच गोष्ट एवढी हळू केली नसेल. दोर हातातून बोटा-बोटाने सोडत होते आणि तो भिंतीला एक हात लावून खाली येत होता, खाली आला तेव्हा त्याचे हात बर्फासारखे गार. बाकावर बसलो, पाणी प्यायलो, तेव्हा त्याने सांगितलं की त्याला उंचीची भीती वाटते, लहानपणापासून. आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. बाल्कनीतले कपडे तो नेहमी आतल्या दोरीवर वाळत घालतो, बाहेरची रिकामी असली तरी, आणि त्यावरून मी त्याच्याशी कितीदा तरी भांडलेय की ऊन बाहेरच्या दोरीवर येतं. त्याने कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

नंतर मी चढले आणि तो खाली. त्याला एवढी काळजी की दोर सारखा ताणून धरायचा, मी पुढच्या होल्डला हात घालायला जाते तर कमरेला मागे ओढल्यासारखं व्हायचं, ट्रेनरच शेवटी म्हणाला, सर जरा ढील द्या, मॅडमना चढू द्या. मी वरपर्यंत गेले, वरच्या बारला हात लावला आणि खाली बघितलं तर तो मान पूर्ण मागे टाकून माझ्याकडे बघत होता, डोळे मिटत नव्हता. हे मला कुठल्याही हॉटेलात मिळालं नसतं.

काही बारीकसारीक गोष्टी. शूज भाड्याने मिळतात आणि ते घट्टच घालायचे असतात, पायाची बोटं दुमडतात, त्यामुळे नखं कापून जा. अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र सगळं काढून पर्समध्ये ठेवा, अंगठी होल्डमध्ये अडकून शरीराचं वजन त्यावर आलं तर बोटाची कातडी सोलून निघते, ट्रेनरने हे अगदी गंभीरपणे सांगितलं. मंगळसूत्र काढायचं म्हणून माझ्या बाजूच्या एक ताई चढल्याच नाहीत, त्यांचा निर्णय, पण मग दोराला अडकेल असं घालून चढण्यापेक्षा तेच बरं. हाताला लावायला पांढरी पावडर देतात, ती मॅग्नेशियम कार्बोनेटची असते, घाम शोषते. दुसऱ्या दिवशी बोटं एवढी दुखतात की पोळ्या लाटवत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते, आमच्याकडे दोन दिवस तोच कणीक मळत होता.

ज्यांना हे आवडेल त्यांच्यासाठी, हा खेळ टोकियो ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि पॅरिसला २०२४ मध्ये स्पीडचं मेडल वेगळं झालं, तिथे पोलंडच्या अलेक्सांद्रा मिरोस्वाव्हने १५ मीटरची भिंत ६.०६ सेकंदात चढली होती. मुलीला तो व्हिडिओ दाखवला तर तिने सलग नऊ वेळा बघितला. आणि हे सगळं आपल्याकडे नवीन आहे असं पण नाही, गिरिविहार हा मुंबईचा गिर्यारोहण क्लब १९५४ चा आहे, त्यांनी २०१६ आणि २०१७ ला नवी मुंबईत बोल्डरिंगचा वर्ल्ड कप भरवला होता. बेलापूरला, मुंब्र्याला खरा कातळ आहे आणि लोक तिथे चढतात, पण तिथे फक्त क्लबबरोबर, अनुभवी माणसाबरोबर जा, दोघंच दोर घेऊन जायचा विचार पण करू नका.

पाचपैकी पाच. पण ती वजनाची गोष्ट विचारा.

मध्येच एक, नवऱ्याने कुठेतरी वाचलं की फिनलंडमध्ये सोन्कायार्वी नावाच्या गावात बायको उचलून पळायची जागतिक स्पर्धा होते, १९९२ पासून, कमी-जास्त नाही तर बरोबर २५३.५ मीटरचा ट्रॅक, मध्ये अडथळे आणि पाण्याचा खड्डा, आणि जिंकणाऱ्याला बायकोच्या वजनाएवढी बिअर. तो म्हणाला जुहूला वाळूत सकाळी करून बघू. मी नको म्हटलं, एक तर त्याच्या कंबरेचं दुखणं आहे, आणि दुसरं म्हणजे यात उचलणारा एकच आणि उचलली जाणारी एकच, अदलाबदल नाही. आमच्या अटीत बसत नाही. तुम्हाला करायचं असेल तर ओल्या घट्ट वाळूत करा आणि आधी कंबरेचा विचार करा.

दुसरा खेळ, दोघांची कयाक, म्हणजे वल्ह्यांनी चालवायची अरुंद होडी.

हे आम्ही वसईच्या पुढे एका खाडीत केलं. समुद्रात पण करतात लोक, पण पहिल्यांदा करणाऱ्यांनी खाडीच घ्यावी असं माझं मत. जायच्या आधी सासूबाईंनी विचारलं, तिथी कुठली आहे? त्या मालवणच्या, त्यांचं गणित पक्कं आहे, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती आणि बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. आणि त्या म्हणाल्या अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ओढ कमी असते, पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा नवख्याने जाऊ नये. आम्ही मग कॅलेंडर बघून अष्टमीचा रविवार पकडला. तिथल्या कयाकवाल्या मुलाला हे सांगितलं तर तो एवढा खूश झाला, म्हणाला लोक येतात, सेल्फी काढतात, भरती-ओहोटी कोणी विचारत नाही. सकाळी आठला निघालो, ओहोटी चालू होती, त्यामुळे जाताना प्रवाहाच्या उलट वर आणि येताना पाण्याबरोबर खाली, दमल्यावर परतीची वाट सोपी पाहिजे हा त्याचा नियम. दुपारी वारा सुटतो म्हणून सकाळीच.

परदेशातले कयाकवाले या दोन माणसांच्या कयाकला घटस्फोटाची बोट म्हणतात, आणि पहिल्या वीस मिनिटांत ते का ते कळलं. पुढे बसलेल्याने ताल द्यायचा असतो आणि मागच्याने तो ताल बघून वल्हं मारायचं आणि दिशा पण सांभाळायची. मी पुढे होते, मला तो दिसतच नाही, फक्त त्याचं वल्हं माझ्या वल्ह्यावर टाक टाक आपटतंय ते ऐकू येतं. तो मागून म्हणतो डावीकडे घे, मी म्हणते दिशा तुझ्याकडे आहे, मी कशी घेऊ, तो म्हणतो मग तू जोरात का मारतेस, असं करत आम्ही दोनदा खारफुटीत घुसलो, तिवरांच्या मुळांत नाक अडकलं कयाकचं. तेव्हा तो मुलगा त्याच्या कयाकमधून शांतपणे म्हणाला, दादा तुम्ही वहिनींच्या खांद्याकडे बघा, वल्ह्याकडे नको. आणि खरंच, त्यानंतर जमलं. वल्हं हलायच्या आधी खांदा हलतो. मग मी तोंडाने हैया हो, हैया हो चालू केलं, आपले कोळी म्हणतात तसं, आणि वल्ही एकत्र पडायला लागली, तो आवाज इतका सुंदर असतो, दोन वल्ह्यांचा एकच आवाज, आणि मध्ये पाणी ठिबकतं तेवढंच.

पुढचा पाऊण तास आम्ही काय काय बोललो ते मला आता सगळं आठवत पण नाही. मुलीचा हलणारा दात, त्याचे बाबा शेवटच्या आजारपणात काय म्हणाले होते, मला एकदा लडाखला जायचंय. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, दोघांनाही बोलायला सोपं गेलं. एका फांदीवर खंड्या बसला होता, आम्ही दोघांनी एकदमच वल्ही थांबवली, कोणी कोणाला सांगितलं नाही.

तक्रार एकच, मला दिलेल्या लाइफ जॅकेटचं खालचं बकल तुटलेलं होतं आणि देणारा म्हणाला चालतं हो ताई, पाणी कमी आहे. मी नाही म्हटलं, दुसरं आणेपर्यंत बसलेच नाही. तुम्ही पण बसू नका. सगळी बकलं लावून, जॅकेटचे खांदे धरून दुसऱ्याला वर ओढायला सांगायचं, हनुवटीपर्यंत वर आलं तर ते जॅकेट तुमच्या मापाचं नाही. चष्मा असेल तर मागून दोरी बांधा. पावसाळ्यात हे बंद असतं आणि असावंच. दोघांचे १४०० गेले, येताना वसईची सुकेळी घेतली, सासूबाईंना फार आवडतात. साडेचार देईन, अर्धा त्या बकलाचा कापला.

पिकलबॉलबद्दल फार लिहीत नाही कारण आता मुंबईत प्रत्येक टर्फवर तेच चाललंय आणि वेगळं असं त्यात राहिलेलं नाही. तरी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टेबल टेनिससारखी पण मोठी बॅट, भोकंभोकं असलेला प्लास्टिकचा बॉल, आणि कोर्ट बरोबर बॅडमिंटनच्या डबल्सएवढं, ४४ बाय २० फूट. अमेरिकेत १९६५ साली सिॲटलजवळच्या बेनब्रिज बेटावर सुरू झाला आणि भारतात आणला तो आपल्या सुनील वालावलकरांनी, मराठी माणूस. नेटपासून सात फुटांची पट्टी असते तिला किचन म्हणतात, त्यात उभं राहून बॉल हवेतच मारता येत नाही, टप्पा पडू द्यावा लागतो, त्यामुळे नुसती ताकद असून भागत नाही. पहिल्याच दिवशी रॅली जमते हा याचा मोठा गुण, बॅडमिंटनमध्ये दोघांतला एक चांगला असेल तर दुसऱ्याला खेळायलाच मिळत नाही, इथे तसं कमी होतं.

जोडीने गेलात तर समोरासमोर खेळू नका, दुसऱ्या एका जोडीला बोलवा आणि एकाच बाजूला खेळा. आमचं काय झालं, नवरा जुना क्रिकेटर, माझ्या बाजूचे बॉल पण धावत येऊन मारायचा, माझा माझा करत. मी दोन गेम गप्प राहिले आणि मग स्पष्ट सांगितलं की माझ्या अर्ध्यात येऊ नकोस, चुकला तर चुकू दे. तो आला नाही परत. मधल्या रेषेवरचा बॉल ज्याचा फोरहँड तिकडे त्याचा, हा नियम आधी ठरवून घ्या, अर्धी भांडणं तिथेच मिटतात. ती गेम आम्ही ११-९ ने हरलो पण मी माझ्या हाताने चार पॉइंट काढले होते. एक राग आहे, ॲपवर बुक केलेला स्लॉट आम्ही पोचलो तेव्हा दुसऱ्यांना दिलेला होता, पैसे परत यायला नऊ दिवस लागले. कोर्ट बुक केल्यावर तिथे फोन करून पण विचारत जा. साडेतीन.

आणि आता मल्लखांब. याला मी स्टार देणार नाही कारण हे कोणी डेट पॅकेज म्हणून विकत नाही, आणि विकू पण नये.

मी गिरगावात वाढले, आठवीपर्यंत शाळेत दोरीचा मल्लखांब करायचे. मग दहावी, मग क्लास, आणि सुटला तो सुटलाच. जानेवारीत आम्ही दोघं शिवाजी पार्कला नुसते फिरायला गेलो होतो, तिथे समर्थ व्यायाम मंदिर आहे, उदय देशपांडे सरांनी तिथून कितीतरी मुलं घडवली, परदेशात नेऊन हा खेळ शिकवला, २०२४ ला त्यांना पद्मश्री मिळाली. याच शिवाजी पार्कवर २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली होती. मी नवऱ्याला हे सगळं सांगत होते आणि तो म्हणाला, तुला येतं हे? सहा वर्षांत मी पण त्याला सांगितलं नव्हतं. अल्बममध्ये एक फोटो आहे फ्रॉकमधला, तेवढाच.

मग आमच्या इकडे एका क्लासमध्ये मोठ्यांची बॅच आहे ती शोधली आणि दोघांनी नाव घातलं. तो पुरलेल्या खांबावर, मी दोरीवर. लाकडी खांबाला एरंडेल लावतात, हाताला, मांडीला त्याचा वास दिवसभर राहतो. पेशवाईत दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी हा खेळ परत उभा केला आणि कुस्तीगिरांना तयारीसाठी वापरला, म्हणून मल्लाचा खांब. दोरीचा मल्लखांब आधी वेताचा असायचा, चांगला वेत मिळेनासा झाला तशी सुती दोरी आली. दोरीला गाठ मारायची नसते. आधार सगळा पायाच्या अंगठ्याचा. अंगठा आणि त्याच्या बाजूचं बोट, त्या बेचक्यात दोरी पकडायची आणि त्या पकडीवर शरीर वर ढकलायचं.

वीस वर्षांनी मी दोरीला हात लावला आणि अंगठ्याला ते आठवत होतं. मला खरंच रडू आलं. पहिली साधी अढी, म्हणजे पायाने दोरीला विळखा, घातली, दोरी मांडीला घासून लाल वळ उठला, आणि नवरा खाली मॅटवर उभा राहून दोरीचं खालचं टोक धरून होता, कारण नवख्याची दोरी हलू नये म्हणून खालून कोणीतरी धरतं. म्हणजे इथे पण दोर त्याच्याच हातात होता. मी उलटी झाले तेव्हा मला त्याचा चेहरा उलटा दिसला, हसत होता.

त्याचं मात्र हळू चाललंय. एरंडेल लावलेल्या खांबावर पहिले तीन आठवडे माणूस नुसता घसरतो. पण खांब काही फार उंच नसतो, त्यामुळे त्याची उंचीची भीती तिथे आड येत नाही, आणि आता त्याला दसरंगाची, म्हणजे खांबावर चढायच्या एका प्रकाराची, सुरुवात शिकवलीय. महिन्याची फी वॉलच्या एका फेरीपेक्षा कमी आहे. फक्त एका रविवारात मजा मिळेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका, निदान तीन महिने द्या, आणि कंबर-मानेचं काही दुखणं असेल तर शिकवणाऱ्या सरांना पहिल्या दिवशी सांगा. आम्ही त्याच्या कंबरेचं सांगितलं, त्यांनी पहिले पंधरा दिवस फक्त सूर्यनमस्कार आणि जोर-बैठका करून घेतल्या, खांबाला हात लावू दिला नाही. यावरूनच मला तो क्लास आवडला.

घरी आता अशी परिस्थिती आहे की मुलगी झोक्याची दोरी अंगठ्यात पकडून बसते आणि बाल्कनीतल्या बाहेरच्या दोरीवर कपडे मीच वाळत घालते.

ऑफिसमधली ती मुलगी काल वॉलवर जाऊन आली. रात्री मेसेज आला, ताई आमच्यात उलटंय, तो ५४ किलो आणि मी ६८, तर मी चढताना पिशवी त्याला बांधायची ना? म्हटलं हो, त्यालाच.